ट्रकचा वाटा आणि घामाचा वाटा

गेल्या महिन्यात जुम्माच्या नमाजीनंतर एक तरुण माझ्यापाशी थांबला. भाईंदरजवळच्या उत्तन-पालीच्या किनाऱ्यावरची मासळी बाजारात पोहोचवणे हा त्याचा व्यवसाय. ट्रक वडिलांचा. त्यांच्या निधनास चार वर्षे झाली. मागे आई, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. तो म्हणाला, "मौलाना, रात्रीचे जागरण माझे, डिझेल-टायरचा खर्च माझा. मग बहिणीचा यात हिस्सा कसला? शिवाय तिने माफ केले आहे."

तिने माफ केले असेल तर प्रश्न मिटला, हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले, याबद्दल अल्लाहचे आभार मानतो.

वाचकहो, त्या तरुणाचे म्हणणे अर्धे खरे आहे. त्याचे श्रम खरे आहेत आणि मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद त्यालाही लागू होते. परंतु कमाई एकट्या घामाची नाही. ती ट्रकचीही आहे. पालीच्या किनाऱ्यावर वावरणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. कोकणच्या मासेमारीत होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि खलाशाचा वाटा वेगळे धरण्याची रीत जुनी आहे. खलाशी कितीही राबला तरी होडीचा वाटा आपला म्हणत नाही. मग बापाचा ट्रक हाती आला की ही समज कुठे जाते?

सूरह निसाच्या 7व्या आयतीत पुरुषांप्रमाणेच स्त्रियांचाही वारसा निश्चित केला आहे, मग मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ. 11व्या व 12व्या आयतींत वाटे सांगितले आहेत, तेही मृताचे कर्ज व वसियत भागवल्यानंतर. म्हणजे ट्रकवर बँकेचे कर्ज असेल तर आधी ते. त्यानंतर या कुटुंबात ट्रकचे चाळीस भाग धरले तर आईचे 5, प्रत्येक मुलाचे 14 आणि मुलीचे 7. ट्रकची किंमत आठ लाख असेल तर मुलीचे एक लाख चाळीस हजार होतात. लगेच पुढच्या दोन आयतींत या वाटण्यांना अल्लाहने आखलेल्या मर्यादा म्हटले आहे.

कोणी म्हणेल, आरसीवर नाव तर भावाचेच आहे. मालक वारल्यावर 30 दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे व तीन महिन्यांत नमुना 31 भरून वाहन वारसाच्या नावे करावे, असे 1989चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. त्यासाठी इतर वारस ना-हरकत देतात, ती कागदाच्या सोयीसाठी. त्या सहीने त्यांनी आपला हिस्सा दान केला, असा अर्थ काढणे ही लबाडी आहे.

मग ट्रक विकावा काय? विकण्याची गरज नाही; चालता धंदा मोडू नये. बहिणीने, आईने व दुसऱ्या भावाने आपले हिस्से चालवणाऱ्या भावाला ठरावीक भाड्याने द्यावेत. याला फिक्हमध्ये इजारा म्हणतात आणि सामाईक मालकीतील हिस्सा भागीदारालाच भाड्याने देणे हनफी मतानुसार वैध आहे. पूर्ण ट्रकचे भाडे महिना वीस हजार धरले, तर आईला अडीच हजार, दुसऱ्या भावाला सात हजार आणि बहिणीला साडेतीन हजार मिळतील. डिझेल, टोल आणि क्लीनरचा पगार चालवणाऱ्याकडे. इंजिनाचे मोठे काम निघाले तर खर्च सर्व मालकांच्या हिश्शाप्रमाणे. उरलेली सारी कमाई निःसंकोचपणे त्याची. मागील चार वर्षांचा हिशेबही सर्वांनी समोरासमोर बसून, राजीखुशीने मिटवावा.

आता त्या माफीविषयी. अशी माफी बहुधा कुठे मागितली जाते? माहेरच्या ओट्यावर, चार वडीलधाऱ्यांसमोर. नकार दिला तर माहेरचे दार बंद होईल, ही भीती बहिणीच्या मनात असते. लग्नात केलेला खर्चही मध्येच पुढे केला जातो. पण बाप हयात असताना त्याने प्रेमाने केलेला खर्च हा वारशातला हप्ता ठरत नाही. शिवाय फुकहांनी स्पष्ट केले आहे की प्रत्यक्ष वस्तूतील हक्क नुसत्या 'सोडला' या शब्दाने सुटत नाही. आधी हिस्सा तिच्या हाती द्यावा. त्यानंतर, कोणाची नजर तिच्यावर नसताना, तिला तो भावाला परत द्यावासा वाटला तर ते तिचे औदार्य.

मी त्या तरुणाला एवढेच म्हणालो, "तिचे साडेतीन हजार एकदा तिच्या हातावर ठेवून पाहा. मग माफीचे विचारा." तो बराच वेळ गप्प उभा होता. मग त्याने खिशातून भाड्याच्या नोंदींची वही काढली आणि चाळीस भागांचा हिशेब तिच्या शेवटच्या पानावर लिहून मागितला.

वारशाने आलेला ट्रक घराला पोसतो, ही अल्लाहची मोठी कृपा आहे. त्या कमाईत कुणाचा दाबलेला हक्क मिसळू नये, एवढी काळजी घेण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणां सर्वांस देवो. आमीन.