बंद दाराआडची परीक्षा

कोणी पाहत नसले तरी चोरी ती चोरीच, असे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. २०२० साली या शिकवणुकीचीच परीक्षा झाली. मार्चमध्ये टाळेबंदी आली, महाविद्यालये बंद पडली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याच पाहिजेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा आग्रह होता. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही, असा निर्णय दिला. तेव्हा अनेक विद्यापीठांनी घरबसल्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या.

पुढे काय झाले ते आम्ही आमच्याच घरी पाहिले. पुतण्याचा पेपर चालू होता, म्हणून आम्ही चहा घेऊन माडीवर गेलो. पाहतो तो त्याच्याभोवती तीन मित्र, आणि दुसऱ्या मोबाइलवर व्हॉट्सॲपच्या गटातून उत्तरे येत आहेत. "काका, सगळेच करतात," तो म्हणाला. पोराचे वर्ष वाया जाऊ नये, अशी मनाची समजूत घालून आम्ही दार ओढून घेतले व खाली आलो.

मुलांच्या अडचणी खऱ्या होत्या. तास नीट ऐकू येत नसत, रेंज मिळत नसे, कित्येक घरांत भावंडांत मिळून एकच मोबाइल होता. हा अन्याय असेल तर त्याची दाद मागावी. परीक्षा पुढे ढकला, पुन्हा संधी द्या, असे म्हणावे. नकलेने अन्याय मिटत नाही, तो दुसऱ्याच्या माथी बसतो. ज्या मुलीने एकटीने बसून पंचावन्न टक्के मिळवले, ती नव्वदवाल्यांच्या मागे पडली. तिने कोणाकडे दाद मागावी?

आणि "सगळेच करतात" याने काय सिद्ध होते? बाजारातल्या सगळ्याच दुकानदारांनी हलकी वजने वापरली, तरी गिऱ्हाईक लुबाडले जातेच. गुणपत्रिका हेही एक मापच आहे. तिच्यावर भरवसा ठेवून उद्या कोणी औषध घेणार, कोणी आपले मूल शाळेत धाडणार. खोट्या तराजूचा धिक्कार नीतिसूत्रांत केला आहे, तो केवळ वाण्यासाठी नव्हे.

पुतण्या आता नोकरीला आहे. परवा त्याच्याशी हा विषय काढला. तो म्हणाला, "काका, त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटले, चालते."

त्या परीक्षेला पर्यवेक्षक नव्हता, असे लोक म्हणतात. वाचकहो, आमच्या घरी तो होता. चहाचा कप घेऊन दारात उभा होता, आणि गप्प राहिला.