जरा आणि व्याधी: उतारवयातील सांधेदुखी व निदानाचा प्रश्न

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दुःखदोष सतत ध्यानात ठेवण्याचा उल्लेख येतो, आणि ज्ञानेश्वरांनी त्या ठिकाणी म्हातारपणाचे विस्तृत वर्णन केले आहे. तेथे जरा, म्हणजे वयपरत्वे देहाचे झिजणे, आणि व्याधी, म्हणजे देहात झालेला बिघाड, ही दोन स्वतंत्र पदे आहेत, ही गोष्ट सहज नजरेआड होते. व्यवहारात तर साठी ओलांडलेल्या माणसाचे गुडघे किंवा खांदे धरू लागले की ही दोन पदे एकच होऊन जातात. ‘वय झाले, आता हे चालायचेच’ असे घरचे म्हणतात, दुखणारा स्वतःही म्हणतो, आणि कित्येकदा दवाखान्यातूनही तेच ऐकून तो परततो. हे वाक्य सांत्वनाच्या सुरात उच्चारले जात असले तरी ते दुःखाच्या कारणाविषयीचे एक विधान आहे, आणि विधान केले की त्याला प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, दाखवावे लागते.

वेदना ज्याची त्याला प्रत्यक्ष कळते, तेथे दुसऱ्या कुणाच्या साक्षीची गरज नसते. तिचे कारण मात्र लिंगावरून, म्हणजे खुणेवरून, अनुमानाने शोधावे लागते. जो हेतू, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, असताना आढळतो आणि ते साध्य नसतानाही आढळतो, त्याला न्यायशास्त्र ‘सव्यभिचार’ हेत्वाभास म्हणते, कारण अशा हेतूवरून काहीच निश्चित होत नाही. केवळ वय हा हेतू याच जातीचा आहे, कारण डावा गुडघा सुजलेला आणि उजवा धड असलेल्या माणसाचे दोन्ही गुडघे एकाच वयाचे असतात. वयाचा सांध्यांच्या झिजेशी संबंध आहे हे खरेच, पण त्यावरून या माणसाचे हे दुखणे वयाचेच आहे असे ठरत नाही.

आधुनिक वैद्यकाने या अनुमानाच्या खुणा बऱ्याच बारकाईने नोंदवल्या आहेत. हाडांच्या टोकांवरील कूर्चा, म्हणजे गुळगुळीत चिवट आवरण, झिजून होणाऱ्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो आणि वापराने दुखणे वाढते. उलट शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणाऱ्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, ज्याला मराठीत सामान्यतः आमवात म्हणतात, तो ताठरपणा तासाहून अधिक टिकतो, आणि हा विकार साठीनंतरही प्रथमच उद्भवू शकतो. पन्नाशीनंतर होणाऱ्या पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिकामध्ये दोन्ही खांदे व कमरेखालचा भाग सकाळी इतका आखडतो की अंथरुणातून उठणे कठीण होते, आणि तरीही स्टेरॉइडच्या तुलनेने लहान मात्रेने काही दिवसांतच मोठा फरक पडतो. असा माणूस ‘वय झाले’ या समजुतीने महिनोन्महिने खिळून राहत असेल, तर ती टाळता येण्याजोगी हानी आहे, आणि तिला वैराग्याचे नाव देणे अन्यायाचे आहे. खुणा मात्र नेहमी सरळ बोलत नाहीत. रक्तातील ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर उतारवयातील काही निरोगी माणसांतही सापडतो आणि आमवाताच्या काही रुग्णांत सापडत नाही. क्ष-किरण चित्रात झीज दिसूनही काहींना वेदना नसते. गुडघ्यात जाणवणारे दुखणे कधी खुब्याच्या सांध्यातून आलेले असते. म्हणून एकच तपासणी पुरत नाही, आणि अनुमान पुन्हा पुन्हा पारखावे लागते.

‘निदान’ या शब्दाचा मूळ अर्थ कारण असा आहे, आणि आयुर्वेदात रोग ओळखण्याच्या पाच साधनांतही तो कारण याच अर्थाने पहिला येतो. सुश्रुतसंहितेत रोगांचे सात वर्ग सांगताना भूक, तहान, जरा, मृत्यू यांचा ‘स्वभावबलप्रवृत्त’, म्हणजे निसर्गतःच येणारा, असा एक वर्ग केला आहे. पण ग्रंथकार तेथेच थांबत नाही, तर त्याचे कालज आणि अकालज असे दोन भाग पाडतो, म्हणजे शरीराची निगा राखूनही जे वेळेवर येते ते एक, आणि निगा न राखल्यामुळे वेळेआधी येते ते दुसरे. ज्या वर्गात ‘निसर्गच तो’ म्हणून हात टेकणे सर्वांत सोपे होते, त्याच वर्गात प्राचीन वैद्याने हा भेद केला, हे विशेष महत्त्वाचे आहे.

प्रारब्धाचा आधार घेणाऱ्यांना चरकसंहितेच्या विमानस्थानातील विवेचन असेच विचारात पाडते. प्रारब्ध म्हणजे संचित कर्मांपैकी या देहात फळू लागलेला अंश, आणि तो भोगूनच संपतो असे वेदान्त मानतो. चरकसंहिता दैव नाकारत नाही. परंतु दुबळ्या दैवावर बलवान पुरुषकार, म्हणजे प्रयत्न, मात करतो असे सांगून, सारे आयुष्य आधीच ठरलेले असते तर औषधे आणि मंत्र यांचा कुणी अवलंबच केला नसता, असा युक्तिवाद करते. दैव बलवान की दुबळे हे प्रयत्नाआधी कळण्याचा मार्ग नाही, हे यातून ओघानेच निघते. त्यामुळे तपासणीआधीच ‘भोग आहे’ म्हणणारा माणूस दैवावरील श्रद्धेपेक्षा दैवाविषयीच्या एका अंदाजाला शरण गेलेला असतो.

बौद्ध वाङ्मयात विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त आहे: बाण कुणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कशाचे, हे कळेपर्यंत तो बाण काढू देत नाही आणि तसाच मरतो. हा दृष्टान्त चौकशीविरुद्ध आहे असे वरवर वाटते, पण त्यातील शल्यवैद्याला बाण कुठे आणि किती खोल रुतला हे पाहावेच लागते. ‘मलाच का’ हा धनुर्धराचा प्रश्न झाला, ‘हे काय आहे’ हा वैद्याचा. दुखणारा माणूस अनेकदा पहिल्यात अडकतो आणि दुसरा विचारायचा राहून जातो. स्वतः बुद्धाने उतारवयात पाठ दुखते म्हणून उपदेशाचे काम आपला शिष्य आनंद याच्याकडे सोपवल्याची नोंद मज्झिमनिकायात आहे, आणि ऐंशीव्या वर्षी आपल्या देहाला त्याने बांधून कसेबसे चालवलेल्या जुन्या गाड्याची उपमा दिली आहे. दुखते असे सांगण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

श्रद्धाळू माणसाचे सांधे दुखतात तेव्हा त्याच्या धर्माचरणालाही ते भिडते, आणि याची दखल फार कमी घेतली जाते. मांडी घालून पूजेला बसणे, साष्टांग नमस्कार, प्रदक्षिणा, पंढरीची पायी वारी, हे सारे गुडघ्यांच्या आणि खुब्यांच्या भरवशावर चालते, आणि ते सुटले की सेवेत खंड पडल्याची बोच मागे उरते. मानसपूजा परंपरेला मान्य आहे, खुर्चीवर बसून केलेल्या जपालाही बाध नाही. पण कूर्चा झिजलेल्या माणसाने मांडीचा आग्रह सोडणे वेगळे, आणि उपचाराने आखडलेपण जाऊन जो पुन्हा देवासमोर बसू शकला असता त्याने ते कायमचे सोडून देणे वेगळे. या दोघांपैकी आपण कोण, हे पूजेच्या पाटासमोर उभ्या राहिलेल्या वृद्धाला निदान होईपर्यंत माहीत नसते.