देवमाशाचा श्वास आणि साधनेचे माप

देगलूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. पण संत गुंडा महाराजांच्या या गावात, वारकरी परंपरा नांदते तिथे, एक प्रश्न जुना आहे: श्वास ताब्यात आला म्हणजे साधक पुढे गेला का? देवमाशाकडे पाहिले तर उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. त्याची नाकपुडी डोक्यावर, आणि एरवी मिटलेली असते. ती स्नायूच्या जोरावर उघडावी लागते. एका श्वासात त्याच्या फुप्फुसातली 80 टक्क्यांहून अधिक हवा बदलते, माणसाची साध्या श्वासात 10 ते 15 टक्के. प्राणवायू रक्तात आणि स्नायूंत साठवून स्पर्म व्हेल तासभर पाण्याखाली राहतो. असा कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, त्याला जन्मतःच मिळालेला आहे, आणि तेवढ्यावरून त्याला कोणी सिद्ध म्हणत नाही.

खरी गोष्ट झोपेची आहे. निजलेल्या देहात जागे कोण राहते, असे प्रश्नोपनिषदाच्या चौथ्या प्रश्नात विचारले आहे. उत्तर देणारे पिप्पलाद ऋषी सांगतात, प्राणरूपी अग्नी जागे असतात. मन हा यजमान, आणि तो रोज ब्रह्माकडे नेला जातो. देवमाशांच्याच कुळातल्या डॉल्फिनचे तसे नाही. तो मेंदूचा एक अर्धा भाग निजवतो, दुसरा जागा ठेवतो आणि श्वासासाठी वर येत राहतो. म्हणजे तिथे यजमानालाच रात्रभर अग्नी राखत बसावे लागते! आपल्याला गाढ झोप लाभते ती श्वास आपल्या हाती नाही म्हणून. ही उणीव नव्हे, केवढी मोठी सवलत आहे ती.

प्राण्याच्या देहावरून शास्त्र कसे तपासणार, असे कोणी म्हणेल. पण उपनिषदाने प्रश्नच देहाच्या झोपेचा घेतला आहे. मग दुसऱ्या देहाची साक्ष का नाकारावी? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्राणायाम श्वास कोंडण्यासाठी नसतो, मन निवण्यासाठी असतो. मान्य. पण मग माप मनाचे झाले, श्वासाचे नव्हे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगमार्ग तपशिलाने आला आहे, तरी बाराव्यात त्याचे कष्ट सांगून भक्तीची वाट सोपी म्हटली आहे. श्वासावरच्या ताब्याची मर्यादा तर नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला दिसली. किनाऱ्यावर अडकलेले देवमाशाचे पिल्लू लोकांनी खूप खटपट करून समुद्रात सोडले, पण ते वाचले नाही. वाळूवर हवा हवी तितकी असते. पण पाण्याचा आधार सुटला की देवमाशाचे स्वतःचे वजनच त्याच्या फुप्फुसांवर येते.