करवतीचे दाते

निर्मलची लाकडी खेळणी आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात आहेत. २०१६ पर्यंत निर्मल आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्यामुळे पोनिकीच्या हलक्या लाकडातून घडलेल्या त्या पक्ष्या-फळांविषयी आपल्याला घरचा अभिमान वाटतो. परंतु लाकूड घडवणाऱ्या हत्यारांपैकी एकाचे तरी चित्र आपण आठवणीने काढू शकू काय? हा प्रश्न केवळ चित्रकलेचा नाही, असे मला आता वाटते.

शिक्षकी पेशात असताना एकदा मी शेजारच्या सुताराची करवत मागून आणली आणि आठवीच्या मुलांना तिचे मुक्तहस्त चित्र काढण्यास सांगितले. एका मुलाने गुपचूप फूटपट्टी वापरली. त्याचे पाते रेखीव होते आणि दाते म्हणजे एकसारख्या त्रिकोणांची रांग. एका मुलीची रेषा थरथरली होती, मुठीचे प्रमाणही चुकले होते. मात्र तिने करवत उलटी धरून धारेकडून न्याहाळली होती आणि कागदाच्या कोपऱ्यात एक दाता डावीकडे, पुढचा उजवीकडे किंचित कललेला दाखवला होता. मी मुलाला अधिक गुण दिले. सायंकाळी करवत न्यायला आलेल्या सुताराने दोन्ही कागद पाहिले आणि मुलीच्या चित्रावर बोट ठेवून तो म्हणाला, “हे करवत चालन गुरुजी, थे फसन.”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दाते आळीपाळीने वाकवलेले असतात म्हणूनच लाकडात पडणारी चीर पात्याच्या जाडीहून रुंद होते आणि पाते अडकत नाही. मुलीला हे कारण ठाऊक नव्हते. जे दिसले ते तिने मान्य केले, एवढेच. मुलाने मात्र करवत कशी असते हे पाहण्यापूर्वीच ठरवून टाकले होते, आणि मीही.

मग नीटनेटकेपणा हा असत्याचाच एक प्रकार मानावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मापाने काढलेल्या आकृतीवाचून कारखाना चालत नाही, आणि निष्काळजीपणाने वाकडी गेलेली रेषा प्रामाणिक ठरत नाही. तरीही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात हत्यारांचे मुक्तहस्त रेखाटन हा स्वतंत्र पाठ आहे. फूटपट्टी सरळपणा उसना देते. पाहणे मात्र उसने मिळत नाही. पटाशीच्या मुठीला लोखंडी कडे का असते, हा प्रश्न ते कडे काढताना हात थबकला तरच पडतो. ठोके बसून मूठ चिरू नये म्हणून ते असते, हे उत्तर त्यानंतरचे.

लिहायला शिकण्यापूर्वी मुलाने चित्र काढायला शिकावे, असे गांधीजींनी आत्मकथेत म्हटले आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात, येथून फार दूर नसलेल्या वर्ध्यात, हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाचा विचार त्यांनी परिषदेपुढे ठेवला. त्याआधी पावणेदोनशे वर्षे, फ्रान्समध्ये दिदेरोने आपल्या ज्ञानकोशात कारागिरांच्या हत्यारांची पानेच्या पाने छापली. तो स्वतः चाकू-सुऱ्या घडवणाऱ्याचा मुलगा होता. हत्यार पाहण्याजोगे आहे, हे त्याला कोणी सांगावे लागले नसावे.

आपल्याला ते सांगावे लागते. आपल्या जुन्या घरांतून सुगीच्या वेळी सुताराला बलुते मोजून दिले गेले. त्यात कसूर झाली नसेल. पण अंगणात त्याचा वाकस चालू असताना तो जवळ जाऊन किती जणांनी पाहिला? धान्य दिले म्हणजे देणे फिटले, असे आपण मानले. लक्ष देणे हेही देणेच असते, आणि ते बहुधा बाकी राहिले.

त्या वर्षीचे गुण मी बदलले नाहीत. निकाल लागून गेला होता. पुढच्या वर्षापासून मात्र दोन गोष्टी पाळल्या. पेन्सिल उचलण्यापूर्वी प्रत्येक मुलाने हत्यार हातात घेऊन फिरवून पाहायचे. आणि गुण देण्यापूर्वी सगळी चित्रे त्या हत्याराच्या धन्याला दाखवायची.