दुसऱ्या दाबाची किंमत

“पयल्यांदा खाली जाते, दुसऱ्यांदा दाबलं की बरोबर लागते.” माझे मामा त्यांच्या गाडीच्या ब्रेकबद्दल हे इतक्या सहज सांगायचे, की ऐकणाऱ्याला तो बिघाड न वाटता गाडीचा स्वभाव वाटावा. गाडी वीस वर्षांची, सहा चाकांची. कंपनी कुठलीही असो, वऱ्हाडात अशा छोट्या ट्रकला मेटाडोरच म्हणतात. अमरावती-अकोला हा तिचा नेहमीचा रस्ता. मोसमाप्रमाणे कधी संत्री, कधी सोयाबीन, कधी तूर. पेडल मऊ झाल्याला आठ-नऊ महिने झाले होते आणि तेवढ्या काळात कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. म्हणून मला पडलेला प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ज्या दोषाशी माणसाने पूर्ण जुळवून घेतलंय, ज्याने आजवर कुणाचं नुकसान केलेलं नाही, तो तसाच ठेवण्यात नेमकं वाईट काय?

आधी तो दोष समजून घेऊ. अशा गाडीत पायाचा जोर चाकापर्यंत ब्रेक ऑइल पोचवतं. बंद नळीतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम. त्याचा त्यावरचा ग्रंथ तो वारल्यानंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. द्रव जवळजवळ दबत नाही, यावरच सगळी भिस्त. हवा मात्र दबते. नळीत बुडबुडा असला की पायाचा पहिला जोर तो बुडबुडा चेपण्यात जातो. लगेच पुन्हा दाबलं तर मधल्या क्षणात टाकीतून थोडं जास्तीचं ऑइल नळीत आलेलं असतं, म्हणून पेडल वरच लागतं. दोष कुठेही गेलेला नसतो. तो फक्त पायाला जाणवेनासा होतो.

मूर्तिजापूरच्या मिस्त्रींनी गाडी पाहायला घेतली तेव्हा पहिली अडचण मामांचा पायच होता. “एकदा दाबा” म्हटलं तरी तो सवयीने दोनदा जायचा. शेवटी मिस्त्री म्हणाले, “भाऊ, तुम्ही गाडीले मदत नका करू. तिले काय झालं ते तिलेच सांगू द्या.”

मग गाडीने सांगितलं. पेडल दाबून धरलं तर हळूहळू खाली सरकत नव्हतं. म्हणजे मास्टर सिलिंडर दाब धरत होता. चाकांपाशी कुठे ऑइलची ओल नव्हती. लायनर ड्रमपासून लांब गेले असले तरी दुसऱ्या दाबाला पेडल वर येतं, म्हणून मागची चाकं उचलून तेही पाहिलं. ते ठीक होतं. मग मिस्त्रींनी मागच्या ॲक्सलकडे जाणारा रबरी होज मुठीत धरला आणि मामांना ब्रेक दाबायला सांगितलं. होज मुठीत फुगत होता. टाकीतलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळं झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर तो १४०पर्यंत उतरू शकतो. ब्रेक तापले की आत वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. त्या दिवशी दुसरा दाबही पुरला नसता.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ या निबंधात एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, अशी मनाची समजूत घालून तो प्रवासी पाठवतो. क्लिफर्डच्या मते जहाज सुखरूप पोचलं तरी मालक दोषीच, कारण तसं मानायचा त्याला अधिकार नव्हता.

मामा या गोष्टीत नीट बसत नाहीत. त्यांनी मनाची समजूत घातली नव्हती. ब्रेक दुसऱ्यांदा लागतो हे त्यांनी रोज पन्नासदा पडताळलं होतं. थॉमस नेगेल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७६ साली नैतिक नशिबाचा प्रश्न मांडला, तेव्हा ट्रकचालकाचंच उदाहरण घेतलं. ब्रेक तपासून न घेतलेल्या ट्रकसमोर मूल आलं तर चालक जन्मभर स्वतःला दोष देईल. मूल आलंच नाही तर तीच हयगय तो विसरूनही जाईल. हयगय सारखीच, फरक नशिबाचा.

मला वाटतं, मामांच्या बाबतीत नशिबापर्यंत जायचीही गरज नाही. हिशेब मीटरमध्ये मांडता येतो. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दुसऱ्या दाबाला अर्धा सेकंद धरला तर आठ मीटर. अपघात न होताही हे आठ मीटर रोज खर्च होत होते, आणि ते मामांचे नव्हते. सायकलवरच्या शाळकरी मुलीचे होते, रस्ता ओलांडणाऱ्या बैलबंडीचे होते. त्यांच्याकडून ही उसनवारी चालू होती आणि त्यांना पत्ताही नव्हता.

शिवाय हा भाव बदलत असतो. हा रस्ता कित्येक वर्षं खड्ड्यांसाठी बदनाम होता. जून २०२२मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३च्या याच टप्प्यावर ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. मऊ ब्रेक पायाने सांभाळायची विद्या मामांनी खड्ड्यांच्या काळात कमावलेली. तिशीच्या वेगात तोच अर्धा सेकंद चार मीटरचा असतो. रस्ता सुधारला तसे चाराचे आठ झाले. पायाला ते कुणी कळवलं नाही.

माझ्या कामात याला ‘रिट्राय’ म्हणतात. पहिली विनंती फसली की प्रोग्रॅम ती पुन्हा पाठवतो, वापरणाऱ्याला कळतही नाही. यात वाईट काही नाही, पण एक अट असते: फसलेल्या प्रत्येक पहिल्या प्रयत्नाची नोंद राहिली पाहिजे, आणि ती कुणीतरी वाचली पाहिजे. पायात अशी नोंदवही नसते. उद्या गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती गेली असती, तर त्याला मऊ पेडल मिळालं असतं, मामांचा पाय नाही.

नवा होज बसला, नवं ऑइल भरलं, मग हवा काढली. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं म्हणून मागचं डावं चाक आधी. मामा वर, मिस्त्री खाली. “दाबा.” “दाबलं.” “धरा.” निपल सैल झाला, बाटलीत बुडबुडे आले, निपल बंद. “सोडा.” निपल बंद व्हायच्या आत पाय सुटला तर हवा पुन्हा आत शिरते, म्हणून वरच्याने खालच्याच्या शब्दाची वाट पाहायची. गाडी तासाभरात बरी झाली. मामांच्या पायाला आठवडा लागला. तोवर दर ब्रेकला मागचे क्रेट सरकत होते.

पगारी माणसाने हे बोलणं सोपं आहे, हे मला कळतं. संत्र्याच्या मोसमात गाडी एक दिवस उभी राहिली की भाडं बुडतं, हप्ता मात्र थांबत नाही. ही अडचण खरी आहे आणि त्यासाठी मामांना मी बोल लावणार नाही. पण अडचणीने किंमत नाहीशी होत नाही. ती कोण भरणार एवढंच ठरतं. मामा त्या बुडालेल्या भाड्याचा आकडा अजून सांगतात. सांगावाच. तो त्यांच्या खिशातून गेला, आणि किती गेला हे त्यांना माहीत आहे.