सुई टोचून ठेवावी

“जरा सलग वेळ मिळू दे, मग बघते.” राहून गेलेलं वाचन असो, सुटलेला रियाज असो की अर्धवट विणलेला स्वेटर, या वाक्याच्या भरवशावर टाकलेली चार-दोन कामं प्रत्येकाकडे असतात. आधी ती दिवाळीच्या सुटीवर जातात, मग उन्हाळ्यावर, मग मुलांच्या परीक्षा संपण्यावर आणि शेवटी निवृत्तीवर. चांगलं काम करायचं तर कुणाची हाक न येणारा, अखंड वेळ आधी हाताशी हवा, असं आपण पक्कं धरून चाललेलो असतो. तो मिळाला नाही, की काम न होण्याचं कारणही तयारच असतं.

या समजुतीला सरळ खोटं पाडणारी एक वस्तू छत्रपती संभाजीनगरच्या घराघरांत घडी घालून ठेवलेली सापडते. ती म्हणजे गोधडी.

इतक्या तापणाऱ्या मुलखात गोधडीचं काय काम, असं परगावच्या माणसाला वाटेल. शहर कर्कवृत्ताच्या बरंच खाली, विसाव्या अक्षांशाला लागून आहे. मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पण पठारावर, साडेपाचशे मीटरच्या वर वसलेल्या या गावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री अंगात शिरतात, तेव्हा कपाटातल्या महागड्या ब्लँकेटच्या आधी गोधडी बाहेर निघते. उन्हाळ्यात तीच गच्चीवर अंथरायला लागते. घरात बाळ आलं की त्याच्यासाठी मऊ दुपटं याच रीतीनं शिवलं जातं. घट बसायच्या आधी धुतलेल्या गोधड्या कठड्यांवर वाळत पडल्या, की कुणाच्या घरात कोणती साडी किती वर्षं नेसली गेली, हे सगळ्या गल्लीला कळतं.

आमच्या शेजारच्या काकू चैत्राच्या सुमारास गोधडी काढतात. त्यांच्या एका आठवड्याकडे नीट पाहिलं तर ती होते कशी याचंच आश्चर्य वाटतं. सोमवारी दुपारची भांडी आटोपली की पलंग भिंतीला सरकवायचा. खाली वापरून मऊ झालेली सुती साडी अंथरायची, तिच्यावर धोतराचे धडपे, परकर, शिवण उसवून सपाट केलेले सदरे, आणि वर पुन्हा एक साडी. कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, इस्त्री, जे हाताला लागेल ते ठेवायचं. सुरकुत्या तळहातानं कडेला लोटत वीतभर अंतरानं कच्चे टाके घातले की थर जागचे हलत नाहीत. इतकं होईपर्यंत चहाची वेळ होते. मंगळवारी धावदोऱ्याच्या दोन ओळी. बुधवारी नातवाला शाळेतून आणायचं असतं, म्हणून एकच.

गुरुवार नळाचा. नाथसागरासारखा मोठा जलाशय पैठणला, पन्नासेक किलोमीटरवर. तरी शहराच्या कितीतरी वस्त्यांनी वर्षानुवर्षं काही दिवसांच्या अंतरानं येणारं पाणी पाहिलंय. इथल्या बायका आठवडा नळाच्या दिवसापासून मोजतात. त्या दिवशी टाक्या, पिंपं, हंडे, घागरी भरायच्या, साठलेलं धुणं काढायचं. सुईला हात लागत नाही. शुक्रवारी कुणाकडे तरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं, शनिवारी शेजारणीच्या कुरडया घालायला जायचं असतं. रविवारी सकाळ जाफर गेटच्या बाजारात जाते आणि दुपारी पाहुणे येतात. सात दिवसांच्या शेवटी गोधडी पुढे सरकलेली असते ती हातभर. “काकू, कधी होणार ही?” असं विचारलं तर त्या म्हणतात, “होईल की. ती कुठं पळून चाललीय?”

त्या उत्तरात आळस मुळीच नाही. काकू ओळीच्या मध्येच उठतात तेव्हा काय करतात ते बघण्यासारखं आहे. त्या दोरा तोडत नाहीत, गाठही मारत नाहीत. जिथं पुढचा टाका पडायचा तिथंच सुई टोचून ठेवतात, दोन-तीन थर पकडून, आडवी. पोरांच्या पायात जाऊ नये म्हणून तेवढाच कोपरा आत दुमडतात. परत आल्यावर “आपण कुठं होतो” हा प्रश्नच उरत नाही, सुई त्याच जागी वाट बघत असते. मधल्या वेळात सून येऊन बसली तर तिलाही काही सांगावं लागत नाही. ती सुई उपसते आणि पुढे चालू लागते.

याच जिल्ह्यात दुसऱ्या टोकाची वस्त्रंही होतात. पैठणला मागावर पैठणी असते, तेव्हा पदरातला एकेक मोर वेगवेगळ्या रंगांच्या तिल्ल्या फिरवत, धाग्यात धागा अडकवत उतरवावा लागतो. पदर भरगच्च असेल तर एका साडीत महिने जातात. शहराचं नाव पूर्वी ज्याच्यासाठी दूरवर घेतलं जायचं तो हिमरू, सूत आणि रेशीम एकत्र विणलेला. जुन्या हिमरूच्या मागावर विणकराच्या जोडीला नक्षीचे दोर ओढणारा दुसरा माणूस लागे. त्यातला एक उठला की दुसऱ्याचंही काम थांबे. माग उचलून स्वयंपाकघराच्या दारात आणता येत नाही. त्याला जागा लागते, बैठक लागते, आणि बसलेल्या माणसाच्या हाताशी पाणी आणून देणारं कुणीतरी घरात लागतं.

कापडाचा याहूनही कडक नियम बौद्ध परंपरेत आहे. शहरातल्या विद्यापीठामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. अशा विहारांतले भिक्षू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत. वर्षावास संपला की उपासकांकडून कापड येई, आणि कठिन चीवराचा, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्राचा, नियम असा, की ते त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पुरं करायचं. चीवरही तुकडे जोडूनच बनतं. मगधातली बांधबंदिस्तीची शेतं पाहून बुद्धांनी आनंदाला तशी रचना करायला सांगितली, असं विनयग्रंथ सांगतात. एका दिवसात चीवर शिवून होत असे, कारण सगळा संघ त्या एका कामाला बसे. कुणाच्याही चुलीवर दूध उतू जात नसे.

काकूंच्या चुलीवर ते जातं. म्हणून त्यांनी, त्यांच्या आईनं, आजीनं आणि मराठवाड्यातल्या अगणित बायकांनी जे काम हाती धरलं, ते कितीही वेळा खाली ठेवता येईल असंच होतं. धावदोरा हा शिवणातला सगळ्यात साधा टाका. तो कुठंही थांबतो आणि कुठूनही सुरू होतो, त्याला माग लागत नाही की नक्षीचा कागद लागत नाही. कुणी कडेकडेनं चौकोनी फेरे घेत मध्यावर येतं, कुणी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या ओळी घालतं. पुरी झालेली गोधडी उजेडाकडे धरली तर तिच्यात सगळा महिना दिसतो. सकाळच्या स्वस्थपणातले टाके गव्हाच्या दाण्याएवढे असतात, दिवेलागणीचे त्याहून लांब. एका ओळीत हात बदललेला कळतो, तिथं सून बसली होती. या कमी-जास्तीनं गोधडीचं काहीच बिघडत नाही. एकट्यानं फाटले असते असे थर ती पुढची कित्येक वर्षं एकत्र धरून ठेवते.

रोजच्या जगण्यासाठी यातून घेण्यासारखं काही आहे. आपलं काम तुटतं ते व्यत्ययानं तुटतं, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते तुटतं आपण ते सोडतो कसं, त्यानं. पुस्तक पालथं टाकून उठलो, वही मिटून ठेवली, पेटीवर कापड पांघरलं, की परतताना पहिला अर्धा तास पूर्वीच्या जागी पोहोचण्यातच जातो, आणि त्या अर्ध्या तासाच्या धास्तीनं आपण परततच नाही. उठताना पुढचा टाका ठरवून ठेवला तर दहा मिनिटंही पुरतात. पानाच्या कडेला पुढचं वाक्य अर्धं लिहून ठेवावं. उद्या कोणत्या ओळीपासून गायचं त्या ओळीवर खूण करावी. मग हाक आली तर उठायला हरकत नाही.

मात्र हा गुण गाताना एक गोष्ट झाकली जाते. काकू तुकड्यातुकड्यांनी शिवतात, कारण त्यांचा दिवसच त्यांच्या हाती तुकड्यांनी येतो. त्याचे तुकडे करणारी आम्ही घरातली आणि शेजारची माणसं आहोत. विणकराच्या बैठकीला आपण कला म्हणतो आणि त्याला कुणी हाक मारू नये म्हणून दार लोटून घेतो. गोधडीवर बसलेल्या बाईला मात्र “अगं, जरा बघ ना” म्हणताना कुणाच्याही मनात येत नाही, की तीही कामात आहे. व्यत्ययात टिकून राहणं ही मोठी विद्या खरी, पण ती अर्ध्या घरानं कायम शिकत राहायची आणि उरलेल्या अर्ध्यानं तिची वाहवा करायची, ही वाटणी बरी नाही. सुई टोचून ठेवायला सगळ्यांनीच शिकावं. आणि पुढच्या गुरुवारी नळ आला की काकूंच्या आधी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उठावं.