मागावरची आई आणि श्रमांची मोजदाद

घरातच चालणाऱ्या कलाव्यवसायात मातृत्व आणि उत्पादन यांचा मेळ घालण्याची जबाबदारी समाजाने जवळजवळ सर्वस्वी आईवर सोपवली आहे, आणि तिने ती निभावली की त्या निभावण्याचे कौतुक करून तिच्या श्रमांचा हिशेब मात्र टाळला आहे. भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेकाठचे पवनी हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी फार बोलके ठिकाण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटियरमध्ये रेशीमकाठी कापड हा तेथील मुख्य उद्योग म्हणून नोंदलेला असून, बारीक सुताच्या विणकामाबद्दल या गावचे कोष्टी ख्यातनाम होते. हा उद्योग कारखान्यात नव्हे, तर राहत्या घरात उभा राहिला. ज्या घरात चूल आणि पाळणा, त्याच घरात माग, अशी त्याची मांडणी होती.

हातमागावरचे कापड एका माणसाच्या हातून कधीच होत नाही. उभ्या धाग्यांचा ताणा आणि आडव्या धाग्यांचा बाणा यांच्या गुंफणीतून वस्त्र तयार होत असले, तरी धागा मागापर्यंत पोहोचण्याआधी त्याच्यावर अनेक संस्कार व्हावे लागतात. विदर्भातील करवतकाठी साडीसाठी लागणारा कोसा, म्हणजे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून मिळणारे टसर रेशीम, आधी उकळावा लागतो आणि कोश मऊ व ओलसर आहेत तोवर अनेक कोशांचे तंतू एकत्र ओढून धागा काढावा लागतो. सुताच्या ताण्याला खळ लावली, की ती वाळण्यापूर्वी धागे सुटे करावे लागतात. याउलट, लडीवरचे सूत रहाटावर कांडीवर भरण्याचे काम मध्येच थांबवता येते: मूल रडले तर रहाट सोडून उठता येते, त्याला निजवून परतल्यावर तुटलेला धागा गाठ मारून जोडता येतो आणि भरलेली कांडी धोट्यात बसवण्यासाठी मागाकडे देता येते. एका साडीमागे अशा कित्येक कांड्या लागतात, आणि त्यांतील एक जरी वेळेवर आली नाही तरी माग थांबतो.

थांबवता येणारी आणि न थांबवता येणारी कामे यांतील हा भेद केवळ तांत्रिक नाही. मानववंशशास्त्रज्ञ ज्युडिथ ब्राउन यांनी 1970 साली असे प्रतिपादन केले, की कोणत्याही समाजात कोणते काम स्त्रियांकडे जाते हे बळावर वा बुद्धीवर ठरत नाही. जे काम घराजवळ करता येते, मुलांना धोक्याचे नसते आणि मध्येच सोडून पुन्हा हाती घेता येते, ते बालसंगोपनाशी जुळणारे असल्यामुळे स्त्रियांकडे येते. कापडाच्या इतिहासाच्या अभ्यासक एलिझाबेथ वेलंड बार्बर यांनी याच सूत्राच्या आधारे प्राचीन काळातील सूतकताई व विणकामाशी स्त्रियांचा संबंध उलगडला. आसामात घरोघरी स्त्रियाच माग चालवतात, यावरून विणण्याचे कौशल्य पुरुषांपुरते मर्यादित नसल्याचे उघड होते. तरीही जेथे माग हा कुटुंबाच्या बाजारी उत्पन्नाचा आधार बनला, तेथे सलग वेळ मागणारा माग बहुधा पुरुषाकडे आणि तुकड्यातुकड्यांनी होणारी कामे स्त्रीकडे, अशी वाटणी रूढ झाली.

ब्राउन यांच्या सूत्राला येथे एक महत्त्वाची पुस्ती जोडावी लागते. घरच्या गरजेपुरते विणताना काम थांबले तर वस्त्र उशिरा तयार होते, एवढेच. परंतु नगावर मजुरी मिळू लागली, की थांबलेला प्रत्येक तास उत्पन्नातून वजा होतो. मूल आजारी पडले तर आईची रात्र जाते, आणि कांड्या नसल्या तर माग अडतो. शिवाय मजुरी तयार नगावर आणि बहुधा घरातील कर्त्याच्या हाती पडत असल्यामुळे, त्या नगात आईचा वाटा किती हे वेगळे नोंदवले जात नाही. विणणे ही कला आणि त्यापूर्वीचे सारे ती पूर्वतयारी, ही भाषाही त्याच अदृश्यतेला हातभार लावते. वास्तविक धाग्याची एकसारखी जाडी, रंगाची पारख आणि ताण्याचा नेमका ताण यांवरच करवतकाठीच्या दातेरी काठाचे सौंदर्य उभे असते. चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार (2019-20) देशातील सुमारे 35 लाख हातमाग कामगारांत 70 टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. त्याच सुमारास, 2019 मध्ये झालेल्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी 299 मिनिटांचा वेळ त्या कामांत जात असल्याचे आढळले. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा वेळ 97 मिनिटे होता. विणकराच्या घरातील आईचा दिवस हातमागाचे काम आणि ही बिनमोबदला कामे यांच्या बेरजेतून घडतो.

घरातल्या मागाचे फायदे नाकारण्याचे कारण नाही. आई मुलापासून दूर जात नाही, बाळाला वेळेवर पाजू शकते, आणि मूल रंगांत व धाग्यांत वाढता वाढता हस्तकौशल्य आपसूक उचलते. परंतु जवळ असणे आणि मोकळे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नेमका हाच फरक कायद्याच्या नजरेतून निसटला. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाल्यानंतर वस्त्रोद्योगाचा एक भाग घराबाहेर गेला. गिरणीतील कामगार स्त्रीला मालक होता, हजेरीपट होता, म्हणून तिच्या मातृत्वाची जबाबदारी कोणावर टाकायची हे सांगता येत होते. 1948 च्या कारखाने कायद्याने 50 हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केले. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातील पगारी रजा 2017 च्या दुरुस्तीने 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली. घरच्या रहाटावर बसणाऱ्या स्त्रीला मालकही नाही आणि हजेरीपटही नाही; त्यामुळे या संरक्षणातील काहीच तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

या पेचाचे उत्तर मराठी मुलखातच फार पूर्वी सुचवले गेले आहे. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अशी भूमिका मांडली, की बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः शासनाने उचलला पाहिजे. विधेयकाचा कायदा 1929 मध्ये झाला.  मातृत्वाचा लाभ सर्व समाजाला होतो, तर त्याचा खर्चही समाजाने सोसावा, हे त्यांचे तत्त्व मालक नसलेल्या श्रमिक स्त्रीला सर्वाधिक लागू पडते. आज प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी मिळणारे 5000 रुपये 26 आठवड्यांवर वाटले, तर दिवसाला 28 रुपयेही पडत नाहीत. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तर किमान 6000 रुपयांचे आश्वासन दिले होते.

म्हणून पवनीसारख्या विणकर-गावांत समतोलाचा उपदेश आईला करण्यापेक्षा तीन गोष्टी प्रत्यक्षात आणणे अधिक न्याय्य ठरेल. सहकारी संस्थांच्या दप्तरात कांड्या भरणाऱ्या, धागा काढणाऱ्या स्त्रीचे नाव स्वतंत्र कामगार म्हणून लागावे आणि नगाच्या मजुरीतील तिचा हिस्सा तिच्याच खात्यात जमा व्हावा. बाळंतपणातील भत्ता गमावलेल्या मजुरीच्या प्रमाणात ठरावा. तीन वर्षांखालील मुलांना दिवसभर सांभाळणारी पाळणाघरे मागांच्या वस्तीतच असावीत. अंगणवाडीला जोडून पाळणाघरे चालवणारी केंद्र सरकारची ‘पाळणा’ योजना त्यासाठी उपयोगी पडू शकते. मूल सुरक्षित आहे या खात्रीने आईला सलग चार तास मिळाले, तर ती रहाटावरून मागावर जाऊ शकते, आणि जी वाटणी निसर्गनियमासारखी भासत होती ती केवळ वेळेच्या टंचाईची होती हे सिद्ध होते.

पवनीच्या 1969-70 मधील उत्खननात उजेडात आलेल्या बौद्ध स्तूपाच्या दानलेखांत स्त्री-दात्यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या समाजाने स्त्रीच्या दानाची नोंद तिच्या नावाने केली. तिच्या श्रमांची नोंद तिच्या नावाने करणे आजच्या समाजाला मुळीच अवघड नाही. हातमाग टिकावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी त्याच्या विक्रीची जेवढी काळजी वाहिली तेवढीच काळजी विणकराच्या घरातील आईच्या वेळेची आणि मोबदल्याची वाहिली पाहिजे, कारण ज्या व्यवसायात आईला आपल्या श्रमांची किंमत दिसत नाही, त्या व्यवसायात आपल्या मुलांनी यावे असे तिला वाटणार नाही.